वर्गमित्रांचा समाचार

नोकरीचा शेवटचा दिवस संपवून मनुष्य घरीं आला म्हणजे त्याच्या दिनक्रमांत जे फरक पडतात, त्यांपैकीं बहुतेकांची त्याला आधींपासून कल्पना असते. सकाळची घाई संपते, वेतनाच्या जागीं निवृत्तिवेतन येतें, आणि कालपर्यंत दारांत येऊन उभीं राहणारीं माणसें विरळ होतात. परंतु ज्याची त्याला बहुधा कल्पना नसते असाही एक फरक ह्याच सुमारास घडून येतो. ज्यांची तीस-पस्तीस वर्षें विशेष आठवणही झाली नव्हती, अशा कॉलेजांतील सोबत्यांची त्याला एकाएकीं ओढ लागते. कोण कोठें स्थायिक झाला, कोणाची प्रकृति कशी आहे, कोणाच्या मुलांचें कसें चाललें आहे, कोण हयात आहे आणि कोण नाहीं, हें जाणून घ्यावेंसें वाटूं लागतें. मग नांवांच्या याद्या होतात, पत्ते शोधले जातात, भ्रमणध्वनीवर गट स्थापन होतो, आणि वर्षाकाठीं एखाद्या रविवारीं पांढऱ्या केसांची एक रांग जुन्या इमारतीसमोर उभी राहून आपलें छायाचित्र काढवून घेते.

तरुण मंडळी ह्या प्रकाराकडे कौतुकानें, पण किंचित् हसून पाहतात. रिकाम्या वेळेचा हा एक निरुपद्रवी उद्योग आहे, असें त्यांचें मत असतें. आणि रांगेंत उभ्या असलेल्यांपैकींही पुष्कळांचें मत त्याहून फारसें निराळें नसतें. आम्हांस मात्र ह्यांत नीतीचा एक खरा प्रश्न आहे असें वाटतें. ज्यांच्याशीं आपली गांठ केवळ योगायोगानें पडली, आणि पुढें चाळीस वर्षें जी जवळजवळ सुटलेलीच होती, त्या माणसांचें आपण कांहीं देणें लागतों काय? लागत असलों, तर तें कोणतें?

योगायोगाची गोष्ट प्रथम घेऊं. भाऊबंद जन्मानें मिळतात आणि खरा स्नेही मनुष्य स्वतः पारखून घेतो. वर्गमित्र ह्या दोहोंतही बसत नाहीं. तो प्रवेशाच्या यादींतून आलेला असतो. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालीं झाली, आणि १८६२ सालीं त्याचे जे पहिले बी. ए. बाहेर पडले ते अवघे चार होते: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. अशा चौघांनीं एकमेकांस विसरणें अवघडच होतें. पुढें एकेका वर्गांत शंभर-शंभर विद्यार्थी बसूं लागले, आणि त्यांतील निम्म्यांचीं नांवें परस्परांस त्याही वेळीं ठाऊक नसत. तेव्हां 'एका वर्गांत होतों' एवढ्याच आधारावर कोणी कोणाचें देणें लागतो असें म्हणणें वरवर पाहतां अवास्तव दिसतें.

ॲरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथांत मैत्रीचे तीन प्रकार सांगितले आहेत: उपयोगासाठीं जडलेली, सुखासाठीं जडलेली, आणि सद्गुणांवर उभारलेली. तरुणांची मैत्री तो दुसऱ्या प्रकारांत घालतो, आणि ती जशी लवकर जडते तशीच लवकर तुटते, असा त्याचा अनुभव आहे. येथेंच तो थांबला असता तर आमच्या प्रश्नाचा निकाल लागला असता. परंतु त्याच ग्रंथांत पुढें त्यानें असा प्रश्न घातला आहे कीं, लहानपणचे दोन मित्र कालांतरानें बुद्धीनें व आवडींनीं एकमेकांपासून फार दूर गेले, तर त्यांनीं परस्परांशीं अगदीं परक्यासारखें वागावें काय? त्याचें उत्तर नकारार्थी आहे. एके काळच्या जवळिकीची आठवण ठेवून परक्याहून कांहीं अधिक आपण त्याला दिलें पाहिजे, असा त्याचा अभिप्राय आहे. हें 'अधिक' म्हणजे नेमकें काय, एवढेंच शोधावयाचें राहतें.

आमच्या मतें ह्या शोधाचा धागा निवृत्तीच्या स्वरूपांतच सांपडतो. अठ्ठावन्न किंवा साठ वर्षांचा होईपर्यंत मनुष्य आपल्या हुद्द्याच्या आंत राहतो. लोक त्याला साहेब म्हणून, मास्तर म्हणून, डॉक्टर म्हणून ओळखतात. आणि हळूहळू तोही स्वतःला तसाच ओळखूं लागतो. हुद्दा गेला म्हणजे ओळखीचा हा सर्व डोलारा एका दिवसांत खालीं येतो. अशा वेळीं ज्याला आपला हुद्दा मुळींच ठाऊक नव्हता, ज्यानें आपल्याला खाणावळीचे पैसे थकलेले असतांना पाहिलें, परीक्षेच्या आदल्या रात्रीं रडकुंडीस आलेलें पाहिलें, आणि पुढें मी अमुक करीन, तमुक करीन अशा आपल्या बढाया ऐकल्या, असा एक साक्षीदार जगांत शिल्लक असतो. आईबाप बहुधा गेलेले असतात. पत्नी आणि मुलें पुढें आलेलीं असतात. मधल्या त्या चार-पांच वर्षांचें आपलें रूप वर्गमित्राशिवाय दुसऱ्या कोणापाशींही नाहीं. आणि त्याचें तें रूप तसेंच आपल्यापाशीं आहे. ही परस्परांची ठेव आहे. ती कोणी मागून ठेवलेली नाहीं, पण ठेवली गेली आहे खरी. ठेव ज्याच्यापाशीं राहिली त्याच्यावर कांहीं जबाबदारी येते, हें व्यवहारांत आपण सर्वच मानतों.

आतां ही जबाबदारी कशा प्रकारची आहे, हें सांगण्यास आपल्या भाषेंत एक उत्तम शब्द आहे. 'समाचार' ह्याचा एक अर्थ वार्ता असा आहे. परंतु कोणी आजारी पडला, कोणाच्या घरीं मृत्यु झाला, म्हणजे आपण 'समाचाराला जातों'. बातमी आणि समाचार ह्यांत भेद आहे तो येथें. बातमी बसल्या जागीं मिळते; समाचाराला उठून जावें लागतें. बातमीची गरज ती ऐकणाऱ्याला असते. समाचाराची गरज ज्याचा समाचार घ्यावयाचा त्याला असते. निवृत्त वर्गमित्रांमध्यें आज बातमीचा सुकाळ आहे. समाचार कितपत आहे, हा प्रश्न आहे.

कारण ह्या बातम्यांचें स्वरूप जरा न्याहाळून पाहावें. अमक्याचा नातू परदेशीं शिकावयास गेला, तमक्यानें नवें घर बांधलें, आणखी कोणाचा सत्कार झाला. अशा वार्ता मोठ्या उत्साहानें फिरतात, आणि त्यांत गैर कांहीं नाहीं. दुसऱ्या टोकास मृत्यूची वार्ता येते. तिच्याखालीं पांच मिनिटांच्या आंत चाळीस जणांचे जोडलेले हात उमटतात, आणि संध्याकाळपर्यंत गट पुन्हां विनोदांकडे वळतो. ह्या दोन टोकांच्या मधला जो आयुष्याचा मोठा भाग, तो बातमींत येतच नाहीं. ज्याचा धंदा बुडाला, ज्याचा मुलगा बोलेनासा झाला, ज्याच्या पत्नीची स्मृति दिवसेंदिवस ढासळत आहे, ज्याला औषधपाणी आणि घरभाडें ह्यांचा मेळ घालतां येत नाहीं, तो गटांत असला तरी गप्प असतो. आणि मेळाव्याची वर्गणी जमूं लागली म्हणजे 'त्या दिवशीं गांवीं जावयाचें आहे' असें कळवून मोकळा होतो. यशाच्या वार्तांचा जितका गजर होतो, तितका त्याचा अबोला अधिक गाढ होतो. अशा रीतीनें ज्याला सोबत्यांची सर्वांत अधिक गरज, नेमका तोच त्यांच्यापासून सर्वांत दूर जातो.

ह्या दुःखाची आपल्या पूर्वजांना चांगली जाणीव होती. द्रोण आणि द्रुपद हे एका आश्रमांत वाढलेले सहाध्यायी. राज्य मिळाल्यावर तें तुझेंही असेल, असें द्रुपद बाळपणीं बोलून गेला होता. पुढें द्रोणाच्या घरीं मुलाला दूध मिळेना आणि इतर मुलांनीं पिठाचें पाणी दूध म्हणून त्याला पाजलें, तेव्हां तो जुन्या मित्राच्या दारीं गेला. आणि राजाची व दरिद्र्याची मैत्री होत नसते, असें उत्तर ऐकून परत फिरला. त्या एका उत्तराचें पर्यवसान द्रुपदाच्या बंधनांत, त्याचें अर्धें राज्य जाण्यांत, आणि शेवटीं द्रोणाच्या वधांत झालें. उलट बाजूस सुदाम्याची कथा आहे. तिचा शेवट गोड असल्यामुळें आपण ती प्रेमानें मुलांना सांगतों. परंतु दोन्ही कथांत एक गोष्ट समान आहे, आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाहीं: दोहोंतही दरिद्री मित्रालाच चालत जावें लागलें. सुदामा निघाला तोही पत्नीनें पुनःपुन्हां विनवल्यावर निघाला, आणि पोंचल्यावर त्याच्या तोंडून मागणें निघालेंच नाहीं. कृष्णाच्या औदार्याला आम्ही उणेपणा आणूं इच्छीत नाहीं. देव असल्यामुळें न मागतां त्याला सर्व कळलें. परंतु आपण देव नव्हों. आपल्याला न विचारतां कळत नाहीं, आणि म्हणून विचारण्याची जबाबदारी आपल्यावर येते.

विचारणारा मित्र कसा असावा, ह्याचें एक खरें उदाहरण अमेरिकेच्या वाङ्मयेतिहासांत सांपडतें. मेन प्रांतांतील बोडन कॉलेजांतून १८२५ सालीं जो वर्ग बाहेर पडला, त्यांत पुढें कीर्ति पावलेले दोन लेखक होते: लाँगफेलो आणि नॅथॅनिएल हॉथॉर्न. लाँगफेलो लवकरच प्राध्यापक झाले. हॉथॉर्न सेलम येथें आपल्या घरीं परतले आणि बारा वर्षें जवळजवळ एकांतांतच राहिले. १८२८ सालीं त्यांनीं स्वतःच्या खर्चानें आणि नांवावांचून एक कादंबरी छापली व पुढें तिच्या प्रती मिळतील तितक्या नष्ट केल्या. त्यांच्या कथाही निनांवीच प्रसिद्ध होत. त्यांच्या वर्गांत होरॅशिओ ब्रिज नांवाचे एक गृहस्थ होते; त्यांनीं ह्या गप्प मित्राचा पत्रांतून समाचार घेणें सोडलें नाहीं. मित्राचा धीर सुटत चालला आहे हें ओळखून ते १८३६ सालीं परस्पर प्रकाशकाकडे गेले, आणि पुस्तकाच्या छपाईंत तोटा आल्यास अडीचशें डॉलरपर्यंत आपण भरून देऊं, अशी हमी त्यांनीं दिली. हॉथॉर्न ह्यांना त्यांनीं ह्याचा पत्ता लागूं दिला नाहीं. पुस्तक १८३७ सालीं निघालें. लाँगफेलो हे कॉलेजांत कांहीं त्यांचे जिवलग नव्हते. पण त्यांनींही त्याचें उत्तम परीक्षण लिहिलें, आणि त्या एकांताचें दार उघडलें. आपण लेखक झालों ह्याचें श्रेय हॉथॉर्न ह्यांनीं पुढें एका कथासंग्रहाच्या अर्पणपत्रांत जाहीरपणें ब्रिज ह्यांना दिलें.

ह्या गोष्टीला दुसरें अंग आहे, आणि तें अधिक अवघड आहे. हॉथॉर्न ह्यांचे कॉलेजांतील दुसरे मित्र, एक वर्ष पुढें असलेले फ्रँकलिन पिअर्स, हे १८५३ ते १८५७ पर्यंत अमेरिकेचे अध्यक्ष होते. त्यांच्या निवडणुकीसाठीं हॉथॉर्न ह्यांनीं त्यांचें चरित्र लिहिलें आणि निवडणुकीनंतर लिव्हरपूल येथील वकिलातीची जागा स्वीकारली. म्हणजे मैत्रींत उपयोगाची भेसळ होती. शिवाय गुलामगिरीच्या प्रश्नावर पिअर्स ह्यांचें धोरण इतिहासानें दोषार्ह ठरविलेलें आहे, आणि आम्हीही तें तसेंच मानतों. १८६३ सालीं, यादवी युद्ध ऐन भरांत असतां आणि पिअर्स ह्यांचें नांव उत्तरेंत अप्रिय झालेलें असतां, हॉथॉर्न ह्यांनीं प्रकाशकाचा सल्ला न मानतां आपलें पुस्तक त्यांनाच अर्पण केलें. पुढच्याच वर्षीं प्रकृति ढासळलेल्या हॉथॉर्न ह्यांना घेऊन पिअर्स प्रवासास निघाले, आणि मे महिन्यांतील एका रात्रीं वाटेंतल्या मुक्कामांत, पिअर्स जवळच्या खोलींत असतांना, हॉथॉर्न ह्यांचा अंत झाला. मित्राच्या राजकारणाला दिलेला पाठिंबा आणि मित्राच्या आजारपणांत दिलेली सोबत ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीबद्दल हॉथॉर्न ह्यांना दोष देतां येईल. दुसरीबद्दल पिअर्स ह्यांना कोणीही दोष देऊं शकणार नाहीं.

महाराष्ट्राला हा भेद समजावून सांगण्याची गरज नसावी. टिळक आणि आगरकर हे डेक्कन कॉलेजांतील सहाध्यायी. १८८२ सालीं कोल्हापूर प्रकरणांत दोघेही डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस एकत्र राहिले. पुढें सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर त्यांचीं मतें विरुद्ध दिशांना गेलीं, १८८८ पासून केसरी आणि सुधारक हीं पत्रें समोरासमोर उभीं राहिलीं, आणि शब्दांची धार कोणीही बोथट केली नाहीं. १८९५ सालीं आगरकर अवघ्या अडतिसाव्या वर्षीं वारले, तेव्हां केसरींत मृत्युलेख लिहिला तो टिळकांनींच. मतभेद खरा होता आणि सहाध्यायाचें नातेंही खरें होतें. एकानें दुसरें खोटें ठरत नाहीं. आज ज्या वर्गमित्रांच्या गटांत पक्षाच्या वा धर्माच्या वादावरून अबोले धरले जातात, तेथें वाद सोडावा असें आम्ही म्हणत नाहीं. वाद अवश्य करावा. परंतु ज्याच्याशीं वाद झाला त्याची शस्त्रक्रिया कोणत्या दिवशीं आहे, हें आपल्याला ठाऊक असावें.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. गप्प बसलेल्या माणसाला गप्प बसण्याचा अधिकार नाहीं काय? आपल्या परंपरेंत तर उतारवयांत संबंध वाढविण्यापेक्षां कमी करण्याचाच उपदेश आहे. वानप्रस्थाश्रमाचा अर्थच तो. कोणी खरोखर शांतपणें एकांत निवडला असेल, तर त्याच्या दारावर जुन्या ओळखीच्या जोरावर धडका मारणें हा अत्याचारच होईल. आणि दुःख सांगावयास लावणें ही कित्येकदां दयेच्या वेषांतली उत्सुकता असते, हेंही आम्ही जाणतों. परंतु ह्या आक्षेपानें समाचाराचें कर्तव्य रद्द होत नाहीं. त्याची मर्यादा मात्र ठरते. विचारणें हें आपलें कर्तव्य आहे. उत्तर देणें हें त्याचें कर्तव्य नाहीं. ज्यानें निवडलेला एकांत आणि ज्याच्यावर येऊन पडलेला एकांत, हे बाहेरून सारखेच दिसतात. त्यांतील कोणता कोणता हें एकदां विचारल्याखेरीज कळण्यास दुसरा मार्ग नाहीं.

विचारण्याची रीत जुन्या पत्रलेखनांत घालून दिलेली होती. येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत असावें, अशा अर्थाचें वाक्य मायन्यानंतर येई. १८७९ सालीं हिंदुस्थानांत पोस्टकार्ड सुरू झाल्यावर, त्याच्या एवढ्याशा जागेंतही तें वाक्य लोकांनीं सोडलें नाहीं. त्याचा क्रम लक्षांत घेण्यासारखा आहे: आधीं आपलें सांगावयाचें, मग दुसऱ्याचें विचारावयाचें. हें 'आपलें' मात्र खरें असलें पाहिजे. सर्व ठीक आहे असें लिहिणाऱ्याला सर्व ठीक आहे असेंच उत्तर येतें. आपला गुडघा चालत नाहीं, रात्रीं झोप लागत नाहीं, मुलाच्या संसाराची काळजी वाटते, असें ज्यानें आधीं मोकळेपणीं सांगितलें, त्याच्यापुढें दुसऱ्याला आपली अडचण सांगतांना मान खालीं घालावी लागत नाहीं. तसेंच भेटीला चाळीस जणांनीं मिळून जाऊं नये, एकानेंच जावें. आणि मदत करावयाची झालीच, तर ब्रिज ह्यांच्या रीतीनें करावी, म्हणजे घेणाऱ्याला ती घेतल्याची जाणीव होऊं नये आणि इतरांना ती दिल्याची बातमी लागूं नये.

अलीकडे वृद्धांच्या स्नेहसंबंधांचा पुरस्कार आरोग्याच्या दृष्टीनें केला जातो. हार्वर्ड येथें १९३८ सालीं तेथील २६८ विद्यार्थ्यांच्या आयुष्याचा जो अभ्यास सुरू झाला आणि पुढें कित्येक दशकें चालला, त्यांतून असें दिसलें कीं, उतारवयांतील स्वास्थ्याचा माणसाच्या नात्यांतील जिव्हाळ्याशीं निकट संबंध आहे. ही माहिती मोलाची आहे, आणि ती वाचून कोणी जुन्या मित्राला भेटावयास गेला तर उत्तमच झालें. परंतु समाचाराचा पाया ह्यावर घालणें आम्हांस मान्य नाहीं. स्वतःचें रक्त वाहतें राहावें म्हणून जो मित्राच्या घरीं जातो, तो मित्राला औषधाच्या बाटलीच्या पंक्तीला बसवतो. शिवाय ज्या मित्राच्या भेटीनें आपलें मन जड होऊन आपली झोपच उडेल, त्याच्याकडे जाण्याचें मग कारण उरत नाहीं. आणि जावयाचें असतें तें बहुधा त्याच्याचकडे.

वर्गांत हजेरी होत असे, तेव्हां गैरहजर मित्राच्या नांवाला आपण आवाज बदलून 'हजर' म्हणत होतों. तो अपराध होता, तरी त्यांत एक समजूत होती: तो आला नाहीं हें आपल्या लक्षांत आलेलें असे. आज मेळाव्याच्या यादींत ज्या नांवांपुढें नुसती रेघ मारलेली असते, तीं नांवें वाचतांना तेवढेंही लक्ष राहत नाहीं. हार्वर्डच्या १८२९ सालच्या वर्गानें आपले वार्षिक मेळावे अनेक दशकें चालविले, आणि त्या वर्गांतले कवि ऑलिव्हर वेंडेल होम्स हे १८५१ पासून १८८९ पर्यंत त्यांसाठीं कविता लिहीत राहिले. अखेरीस मंडळी इतकी थोडी उरली कीं ती प्रथा आपोआप थांबली. प्रत्येक वर्गाचा शेवट असाच व्हावयाचा. यादी दरवर्षीं लहान होणार, आणि शेवटीं ती एकाच माणसाच्या हातांत राहणार. तोंपर्यंत जो वेळ आहे, त्यांत यादींतील रेघ मारलेल्या नांवांपैकीं एकेक नांव एकेकानें आपल्याकडे घ्यावें, त्याचा पत्ता शोधावा, आणि स्वतःचें खरें कुशल लिहून त्याचें विचारावें. उत्तर आलें नाहीं, तर कांहीं महिन्यांनीं पुन्हां एकदां विचारावें. ॲरिस्टॉटलनें सांगितलेलें, परक्याहून अधिक असें जें देणें, तें आमच्या मतें एवढेंच आहे. आणि तें फेडण्यास निवृत्तीइतका सोयीचा काळ दुसरा नाहीं.